जोखमीच्या कामाचे परमिट : पहिल्या प्रशिक्षणात काय शिकावे आणि काय शिकवावे

भोसरी, पिंपरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. उत्पादन बंद असल्यामुळे आठवडाभर रखडलेली देखभालीची कामे त्याच दिवशी निघतात: छपराची गळती, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) टाकीतला गाळ, पॅनेलमधला तापणारा ब्रेकर, गंजलेल्या पाइपचे वेल्डिंग. काम करणारी माणसे बहुधा ठेकेदाराची असतात, त्यांतल्या अनेकांनी तो कारखाना आधी पाहिलेला नसतो, आणि ज्या विभागात ती उतरतात तिथला माहीतगार ऑपरेटर नेमका त्या दिवशी घरी असतो. एकाला जागा ठाऊक असते, दुसऱ्याला काम येते, आणि दोघांची गाठ पडलेली नसते. कामाच्या परमिटची, म्हणजे लेखी परवान्याची, पद्धत ही गाठ सक्तीने घालून देण्यासाठी आहे.

हा लेख नव्याने परमिट देणारे पर्यवेक्षक, परमिट घेणारे ठेकेदारांचे सुपरवायझर आणि त्यांना पहिले प्रशिक्षण देणारे, अशा तिघांसाठी आहे. माझा अनुभव असा की पहिल्या दिवशी फॉर्मचे रकाने शिकवले तर माणसे रकाने भरायला शिकतात, धोका ओळखायला शिकत नाहीत. म्हणून मी परमिटची ओळख ताबापावती म्हणून करून देतो. घराचा ताबा देताना देणारा आणि घेणारा दोघे घरात उभे राहतात, किल्ल्या मोजतात, मीटरचे आकडे लिहितात आणि मग सही करतात. विभागप्रमुख ठेकेदाराला यंत्राचा किंवा टाकीचा ताबा ठरावीक कामापुरता आणि ठरावीक वेळेपुरता देतो, आणि काम झाल्यावर तो परत घेतो. ही गोष्ट मनात पक्की बसली की फॉर्मचे अर्धे रकाने आपोआप समजतात.

कायद्याचा आधार थोडक्यात सांगावा, पण सांगावाच. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३६ मध्ये असे घालून दिले होते की ज्या टाकीत, खड्ड्यात किंवा नळकांड्यात घातक वायू असण्याचा संभव आहे तिथे सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय कोणी उतरू नये. अन्यथा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा वापरावा व दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर अशा जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेऊ नये, हे कलम ३६-अ सांगत होते. ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या टाकीवर पुरेशी खबरदारी घेतल्याशिवाय वेल्डिंग वा कटिंग करण्याला कलम ३७ मनाई करत होते. महाराष्ट्रात या विषयाची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे, तर तेल आणि वायू क्षेत्रात ओआयएसडीचे (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे) ओआयएसडी-१०५ हे कार्यपरवाना पद्धतीचे मानक वापरतात.

परमिटचे प्रकारही लांबवू नयेत. ठिणगी वा ज्योत निघणारे हॉट वर्क, न निघणारे कोल्ड वर्क, बंदिस्त जागेतले काम, उंचीवरचे काम, विजेचे काम, खोदकाम आणि जड वजन उचलणे, एवढी नावे पुरेत. कागदाचा रंग प्रत्येक कारखान्यात वेगळा असतो, त्यामुळे आधीच्या कारखान्यातला लाल कागद इथेही त्याच कामाचा असेल असे कोणी गृहीत धरू नये. नव्या माणसाला सर्वांत आधी हे कळायला हवे की एकाच कामाला दोन किंवा तीन परमिटे लागू शकतात.

हे स्पष्ट व्हावे म्हणून मी प्रशिक्षणात एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. चाकणमधल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची कल्पना करू. ईटीपीच्या साडेतीन मीटर खोल टाकीतल्या ढवळणीचा ब्रॅकेट तुटला आहे. टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढायचा आहे आणि ब्रॅकेट आतच वेल्ड करायचा आहे.

पहिली पायरी : काम नेमके लिहिणे

‘ईटीपी मेंटेनन्स’ एवढेच लिहिलेले परमिट परत करावे. कोणत्या क्रमांकाची टाकी, कोणता भाग, कोणती हत्यारे, किती माणसे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे सगळे त्यात यायला हवे. हत्यारे लिहायची कारण त्यांच्याबरोबर धोके बदलतात: हातोडी-छिन्नीने सुटणाऱ्या बोल्टला ग्राइंडर लावला की तेच काम हॉट वर्क होते. आपल्या उदाहरणात गाळ काढणे आणि वेल्डिंग ही दोन कामे वेगवेगळी लिहावीत आणि एकापाठोपाठ एक करावीत. गाळ पूर्ण निघून हवा पुन्हा तपासली जाईपर्यंत वेल्डिंगचे परमिट सुरूच होऊ नये.

दुसरी पायरी : दोघांनी जागेवर जाणे

परमिट देणारा आणि घेणारा दोघे टाकीच्या काठावर उभे राहून कागद भरतात, ही माझ्या दृष्टीने संपूर्ण पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका पंपाच्या दुरुस्तीचे परमिट कॅन्टीनच्या टेबलावर सही करून दिले होते. दोन पंप शेजारी शेजारी होते, नंबरप्लेटवर रंग चढलेला होता, आणि कुलूप भलत्याच फीडरला लागले. फिटरने कपलिंगला हात घालण्यापूर्वी सवयीने स्टार्टचे बटण दाबून पाहिले आणि पंप फिरला. त्या माणसाच्या सवयीने त्याची बोटे वाचवली, माझ्या सहीने नव्हे. त्या दिवसानंतर मी जागा पाहिल्याशिवाय कागदावर सही केलेली नाही.

जागेवर दोघांनी मिळून पाहायचे ते असे. टाकीत येणारे प्रत्येक पाइप कुठून येतात आणि त्यांत काय असते? शेजारी दुसरे कोणते काम चालू आहे? पाच मीटरवर कोणी थिनरने रंगकाम करत असेल तर आपल्या वेल्डिंगचा धोका त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि त्यांच्या वाफांचा आपल्यापर्यंत. बाहेर पडायची वाट कोणती? बेशुद्ध माणूस त्या मॅनहोलमधून वर काढता येईल का? एकत्र बोलताना अशा गोष्टी बाहेर येतात ज्या कोणत्याही छापील यादीत नसतात, उदाहरणार्थ दर दुपारी शेजारच्या प्लेटिंग लाइनचे आम्लयुक्त पाणी याच टाकीत सोडले जाते.

तिसरी पायरी : ऊर्जा तोडणे आणि ती तुटल्याची खात्री करणे

ढवळणीची मोटर, आत पाणी आणणारे पंप आणि हवेची लाइन, तिन्ही तोडायला हवीत. शॉप फ्लोअरवर याला लोटो म्हणतात, म्हणजे कुलूप लावणे आणि पाटी लावणे. क्रम असा: यंत्र नेहमीच्या पद्धतीने बंद करावे, मुख्य स्विच काढावा, त्यावर काम करणाऱ्याचे स्वतःचे कुलूप लावावे, साठलेली ऊर्जा म्हणजे दाब, स्प्रिंगचा ताण, वर अडकलेले वजन मोकळे करावे, आणि शेवटी स्टार्टचे बटण दाबून यंत्र चालत नाही हे पाहावे. नियंत्रण कक्षातला किंवा यंत्रावरचा स्टॉप दाबणे म्हणजे ऊर्जा तोडणे नव्हे. विजेच्या कामात टेस्टर आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या लाइनवर आणि पुन्हा चालू लाइनवर लावावा, कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच सांगतो.

कुलपाचा नियम साधा आहे: एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली, आणि किल्ली त्याच्याच खिशात. पाच जण काम करत असतील तर हास्पवर (अनेक कुलपे अडकवायच्या कडीवर) पाच कुलपे. सुपरवायझरने सर्वांच्या वतीने एकच कुलूप लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे आणि ती बंद करायला हवी.

पाइपच्या बाबतीत नवी माणसे हमखास चुकतात. बंद केलेल्या व्हॉल्व्हला ती तोडलेली लाइन समजतात. व्हॉल्व्हची सीट झिजलेली असते, कचरा अडकलेला असतो, कोणी तरी तो उघडतो. माणूस आत उतरणार असेल तर फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे वाट पूर्ण बंद करणारी चकती, घालावी किंवा पाइपचा तुकडा काढून तोंड बंद करावे, प्रत्येक ब्लाइंडला क्रमांक द्यावा आणि तो परमिटवर लिहावा, म्हणजे काम संपल्यावर सगळ्या निघाल्या की नाही हे मोजता येते.

चौथी पायरी : हवा तपासणे

या पायरीला मी निम्मी सकाळ देतो. ईटीपीच्या तळाशी ऑक्सिजनविना कुजणाऱ्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गाळ शांत असतो तोवर तो त्यात अडकून राहतो, आणि फावडे लागले किंवा पाय पडला की सुटतो. वरून घेतलेले वाचन चांगले येते, माणूस उतरतो, गाळ ढवळतो आणि कोसळतो, असे घडण्याचे कारण हेच. या वायूला सडलेल्या अंड्यांसारखा वास येतो, पण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ हवा सुधारली असा कधीही घेऊ नये.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन आधी, कारण ज्वालाग्राही वायू मोजणारे नेहमीचे सेन्सर ऑक्सिजन पुरेसा असेल तरच खरे वाचन देतात. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर वाचन असल्यास प्रवेश नाही. कमी ऑक्सिजन माणूस पाडतो, जास्त ऑक्सिजनमध्ये कपडेही भडकतात. ज्वालाग्राही वायूसाठी खालच्या स्फोटमर्यादेच्या (हवेत वायूचे जे किमान प्रमाण पेट घेऊ शकते त्याच्या) १० टक्के ही प्रवेशाची प्रचलित कमाल मर्यादा आहे, परंतु आत वेल्डिंग होणार असेल तर वाचन शून्यच असावे, आणि बहुतेक चांगल्या कारखान्यांचा नियमही तोच आहे. हायड्रोजन सल्फाइडसाठी १० पीपीएम ही सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे. केवळ या मर्यादेच्या आत आहोत एवढ्यावर समाधान मानू नये: शून्य असायला हवे तिथे ३ पीपीएम आले तर ते कुठून आले हे शोधल्याशिवाय कोणी उतरू नये. २०.९ ऐवजी २०.१ दिसले तरी हाच प्रश्न विचारावा, कारण घटलेल्या ऑक्सिजनच्या जागी दुसरे काही तरी आलेले असते.

मोजमाप वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी घ्यावे. मिथेन हवेपेक्षा हलका असून वर साचतो, हायड्रोजन सल्फाइड जड असून तळाशी बसतो. नमुना नळीतून ओढला जात असेल तर नळीच्या लांबीप्रमाणे वाचन उशिरा येते, म्हणून प्रत्येक पातळीवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. त्या दिवशी वापरण्यापूर्वी मीटरला ज्ञात वायू देऊन तो प्रतिसाद देतो का हे पाहावे. कॅलिब्रेशनचे स्टिकर ताजे असणे वेगळे आणि सेन्सर आज जिवंत असणे वेगळे. वाचने वेळेसह लिहावीत, आणि आत माणूस असेपर्यंत मीटर त्याच्या छातीजवळ चालू राहावा. जेवणाची सुट्टी झाली की आधीचे वाचन बाद. परत उतरण्यापूर्वी पुन्हा तपासणी.

ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत पोहोचवावी, आणि ब्लोअरचे तोंड जनरेटरच्या धुराकडे नाही हे पाहावे. हवा सुधारण्यासाठी सिलिंडरमधला ऑक्सिजन टाकीत सोडण्याचा अघोरी प्रकार कोणीही करू नये. वेल्डिंगचे सिलिंडर टाकीबाहेरच राहतील, आणि काम थांबले की नळ्याही बाहेर काढल्या जातील, कारण गळणारा आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड आतला ऑक्सिजन गुपचूप बाहेर ढकलतो.

पाचवी पायरी : काठावरचा माणूस

मॅनहोलपाशी बसणाऱ्या माणसाला अनेक ठिकाणी फालतू समजले जाते आणि सर्वांत नवख्या हेल्परला तिथे बसवले जाते. वस्तुतः आतल्या माणसाचा जीव त्याच्या हातात असतो. त्याने आत गेलेल्यांची नावे आणि वेळा लिहायच्या, त्यांच्याशी सतत बोलत राहायचे, आणि काहीही झाले तरी जागा सोडायची नाही. आत कोणी पडला तर त्याने स्वतः उतरायचे नाही, हे मी प्रत्येक तुकडीकडून मोठ्याने वदवून घेतो. टाक्यांमधल्या आणि ड्रेनेजमधल्या दुर्घटनांत पहिल्याला काढायला म्हणून दुसरा आणि तिसरा उतरतो आणि तिघेही जातात, हे आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो; उतरणारा बहुधा भाऊ किंवा गाववाला असतो आणि त्याला थांबवणे सोपे नसते. म्हणून उतरणाऱ्याला हार्नेस आणि दोर, वर ट्रायपॉड आणि विंच, आणि प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी एकदा बाहुली किंवा वाळूची गोणी वर ओढून पाहण्याची तालीम, ही तयारी परमिटची अट असावी. बोलावण्याचे क्रमांक, कारखान्याचे बचाव पथक, १०१ आणि १०८, काठावरच लिहिलेले असावेत. पण गुदमरणाऱ्या माणसाकडे काही मिनिटेच असतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मदतीवर विसंबून बचावाची योजना आखू नये.

सहावी पायरी : काम करणाऱ्यांशी बोलणे आणि सही

सही होण्यापूर्वी परमिटवरचे प्रत्येक बंधन उतरणाऱ्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगावे. चाकणच्या टाकीत उतरणारा नांदेड किंवा लातूरकडचा असेल, तसाच बिहार वा ओडिशाचाही असेल, आणि मराठी फॉर्मवरचा त्याचा अंगठा म्हणजे त्याला कळले असा अर्थ होत नाही. सांगून झाल्यावर त्यालाच विचारावे: मीटर वाजला तर काय करशील? सायरन झाला तर कुठे जाशील? उत्तर चुकले तर पुन्हा सांगावे. घातक परिस्थितीत काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, हे या वेळी पर्यवेक्षकाच्या तोंडून ऐकू आले तरच तो अधिकार वापरला जातो. यानंतर परमिटची एक प्रत कामाच्या जागी प्लास्टिकच्या पाकिटात लावावी, दुसरी कार्यालयात ठेवावी.

सातवी पायरी : काम चालू असताना

परमिट देणाऱ्याने पाळीत निदान दोनदा जागेवर फेरी मारावी. वेल्डिंगच्या वेळी अग्निशामक घेऊन एक माणूस पहाऱ्यावर असावा, भोवतीच्या साधारण ११ मीटर परिसरातून जळण्याजोगे सामान हलवलेले किंवा अग्निरोधक चादरीने झाकलेले असावे, आणि काम संपल्यावरही हा पहारा निदान अर्धा तास, शक्यतो तासभर चालू राहावा. चिंध्या, भुसा आणि थर्माकोल ठिणगी पडल्यानंतर बऱ्याच वेळाने पेटतात. ओल्या टाकीत विजेच्या धक्क्याचा धोका मोठा असतो, म्हणून वेल्डिंग मशीन बाहेर ठेवावे आणि इलेक्ट्रोड बदलतानाही कोरडे हातमोजे काढू नयेत. कामाचे स्वरूप बदलले, माणसे बदलली किंवा जोराचा पाऊस आला, तर परमिट थांबते आणि नव्याने पाहणी होते.

आठवी पायरी : पाळी बदलताना

इथे मी ६ जुलै १९८८ ची पायपर अल्फाची घटना सविस्तर सांगतो. उत्तर समुद्रातल्या त्या तेलमंचावर दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि उघड्या पाइपवर तात्पुरती झाकणपट्टी बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत संपले नाही. पंपाच्या दुरुस्तीचे परमिट आणि व्हॉल्व्हचे परमिट वेगवेगळे होते. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीला पंपाचे परमिट माहीत होते, व्हॉल्व्ह जागेवर नाही हे माहीत नव्हते. त्यांनी पहिला पंप सुरू केला, वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसे मेली. १९९० मध्ये लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १०६ शिफारशी केल्या, आणि परमिट पद्धतीतील ढिलाई त्या अहवालाच्या केंद्रस्थानी होती.

आपल्या कारखान्यासाठी यातून निघणारी कृती अगदी साधी आहे. अपूर्ण कामाचे परमिट आपोआप पुढे चालू राहत नाही. जाणारा आणि येणारा, दोघे पर्यवेक्षक त्या जागेवर जातात, काय उघडे आहे ते डोळ्यांनी पाहतात, आणि येणारा नव्याने सही करतो. एकाच यंत्रावरची सर्व परमिटे एकमेकांचे क्रमांक लिहून जोडलेली असावीत आणि एकाच फलकावर शेजारी लटकावीत.

नववी पायरी : परमिट बंद करणे

सकाळी परमिट काढायला रांग लागते, संध्याकाळी बंद करायला कोणी येत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. बंद करणे म्हणजे घेणाऱ्याने माणसे, हत्यारे आणि चिंध्या मोजून बाहेर काढणे, ब्लाइंड क्रमांकाने मोजून काढणे, यंत्राची संरक्षक झाकणे (गार्ड) परत बसवणे, प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः काढणे, आणि देणाऱ्याने हे सगळे पाहून ताबा परत घेणे. कुलूपवाला घरी निघून गेला असेल तर कुलूप तोडू नये. त्याला फोन करावा, तो आवारात नाही याची खात्री करावी, आणि कारखान्याच्या लेखी पद्धतीने जबाबदार अधिकाऱ्यानेच ते काढावे.

या एका उदाहरणात न आलेल्या दोन कामांविषयी थोडे बोलायला हवे. मे महिन्यात पावसाआधी पुण्यातल्या जुन्या शेडांवर पत्रे दुरुस्त करणारी माणसे चढतात. सिमेंटचे पत्रे आणि प्रकाशासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत, आणि धूळ बसल्यावर पारदर्शक पत्रा ओळखूही येत नाही. पर्लिनवर (पत्र्यांखालच्या आडव्या तुळयांवर) आधार घेणाऱ्या फळ्या, खाली जाळी, आणि स्वतंत्र लाइफलाइनला अडकवलेला दोन लॅनयार्डचा (हुक असलेल्या जोडदोरांचा) फुल बॉडी हार्नेस, यांशिवाय छपराचे परमिट देऊ नये. १.८ मीटरची लॅनयार्ड शॉक ॲब्सॉर्बरसह उघडली तर हुकाच्या जागेपासून खाली साधारण ६ मीटर मोकळी उंची लागते. चार मीटरच्या शेडमध्ये तोच हार्नेस घातलेला माणूस जमिनीवर आदळतो. खोदकामात महावितरणच्या केबल आणि एमएनजीएलच्या (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडच्या) गॅसवाहिन्या कुठून गेल्या आहेत ते आधी नकाशावर आणि मग हाताने खड्डे घेऊन शोधावे. पुण्याच्या काळ्या मातीच्या भिंती उन्हाळ्यात उभ्या राहतात आणि पहिल्या सरीनंतर ढासळतात, म्हणून १.५ मीटरपेक्षा खोल चरात आधार किंवा उतार दिल्याशिवाय कोणी उतरू नये आणि काढलेली माती काठापासून दूर टाकावी. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही.

प्रशिक्षणाची दुपार वर्गाबाहेर घालवावी. मी आधीच भरलेले एक परमिट देतो, त्यात सात-आठ चुका मुद्दाम ठेवलेल्या असतात: वायूचे वाचन सहीच्या वेळेनंतरचे, टाकीचा क्रमांक वर एक आणि खाली दुसरा, काठावरच्या माणसाचे नाव आत उतरणाऱ्यांच्या यादीतही. कागदावरच्या चुका बहुतेकांना सापडतात. मग त्यांना जागेवर नेतो, तिथे एका ब्लाइंडची नोंद आहे पण ती प्रत्यक्षात बसवलेली नसते, आणि ही चूक पहिल्या फेरीत फार थोड्यांना दिसते. ज्यांना ती दिसली नाही त्यांनी दुसऱ्या जागेवर, दुसऱ्या परमिटवर हाच सराव पुन्हा करायचा.

शेवटी लेखी परीक्षा घ्यावी, पण सहीचा अधिकार तेवढ्यावर देऊ नये. नव्या माणसाने अधिकृत परमिट देणाऱ्याबरोबर निदान दहा खरी परमिटे उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत पाहावीत, त्यांतली काही रात्रपाळीची आणि एक तरी गुरुवारची असावी, आणि मग त्याचे नाव अधिकृत सह्यांच्या यादीत घालावे. ही यादी परमिट कार्यालयात आणि गेटवर, कामाच्या प्रकारानुसार व सहीच्या नमुन्यासह लावावी, आणि बदली झालेल्या वा नोकरी सोडलेल्या माणसाचे नाव त्याच दिवशी खोडावे.